माण खोरे

माण खोरे : सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण डोंगराळ प्रदेश. माण (माणगंगा) नदी महादेव डोंगररांगेत कुळकजाईजवळ उगम पावून आग्नेयीस व नंतर ईशान्येस वाहत पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेस मिळते. उगमाकडील भाग ८०० मी.हून उंच आहे. तथापि नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर बाष्प रिते करून येथे पोहोचत असल्याने उंचीचा पावसास लाभ होत नाही. महाबळेश्वरास वर्षाला सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, तर या पर्जन्यछायेत तो सु. ५० सेंमी. किंवा त्याहूनही कमी असतो आणि त्यातील बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. उतारांवरील मृदेचा थर पातळ असून ओल टिकत नाही. नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते. त्यामुळे बाजरी, रब्बी ज्वारी, मेंढपाळी व खिलार गुरांची पैदास यांवर येथील जीवन उभे राहिले. १९७२ व २०१२-१३ च्या दुष्काळांत या प्रदेशास मोठी झळ पोहोचली. रोजगारासाठी मुंबईकडे स्थलांतर करण्याची येथील रीत जुनी आहे. म्हसवडजवळचा ब्रिटिश अमदानीतील राजेवाडी तलावही अपुऱ्या पावसावरच अवलंबून आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडी-सांगोले भागांत आणले. त्यामुळे खोऱ्याची शेती आता स्थानिक पावसाइतकीच दुसऱ्या नदीच्या पाण्याशी बांधली गेली आहे.