डाळिंब की अंजीर? बाल्कनीतल्या एका कुंडीचा निर्णय

आजच्या भागाचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आलाय. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच आहे: "बाल्कनीत एकच मोठी कुंडी मावते. फळझाड लावायचंय. डाळिंब लावू की अंजीर?"

प्रश्न साधा वाटतो, पण फळझाड म्हणजे कोथिंबीर नाही. कोथिंबीर नाही आली तर महिन्याभरात परत पेरता येते. फळझाडाचं चुकलं की दोन-तीन वर्षं जातात. आणि आपल्यातले कितीतरी जण अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, म्हणजे दोन वर्षांनी ती बाल्कनी आपली असेलच असं नाही. त्यामुळे आज दोन्ही झाडं शेजारीशेजारी ठेवून बघूया. मी राहतो पुण्यात, तेव्हा बोलणं मुख्यतः पुणे आणि देशावरच्या कोरड्या हवेला धरून आहे. कोकण-मुंबईचं शेवटी वेगळं सांगतो.

आधी दोघांची ओळख

दोन्ही आपल्या मातीत रुळलेली झाडं आहेत. सोलापूरचं डाळिंब आणि पुरंदरचं अंजीर, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात जे लालभडक 'भगवा' डाळिंब मिळतं, ती जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. आणि दिवे घाट चढून सासवडकडे गेलात तर हंगामात रस्त्याच्या कडेला ज्या अंजिराच्या टोपल्या दिसतात, ती 'पूना अंजीर' जात.

डाळिंब हे मुळात झुडूप. बुंध्यातून सारखे फुटवे येतात, फांद्यांना काटे असतात. घरात लहान मूल असेल तर हे लक्षात ठेवा. अंजीर हा वड, पिंपळ, उंबर यांचा भाऊबंद. मोठी खरखरीत पानं, आणि फांदी मोडली की पांढरा चीक. हा चीक अंगावर लागून ऊन पडलं की खाज सुटते, कधी फोडही येतात, म्हणून छाटणी करताना हातमोजे घाला.

फूल ते फळ: इथे खरा फरक आहे

आपण 'उंबराचं फूल' म्हणतो ना, कधीच न दिसणाऱ्या गोष्टीला? अंजिराचंही तेच. फुलं फळाच्या आतच असतात, बाहेरून दिसतच नाहीत. "अंजिरात मेलेला किडा असतो म्हणे?" हा प्रश्न हमखास येतो. काही परदेशी जातींना परागीकरणासाठी एक बारीक गांधीलमाशीसारखा कीटक लागतो, तिथून ती गोष्ट आलीये. पूना अंजिराला परागीकरणच लागत नाही. कीटक नको, मधमाशी नको. सातव्या मजल्यावर जिथे मधमाशी क्वचितच येते, तिथेही फळ धरतं.

डाळिंबाचं तसं नाही. त्याला दोन प्रकारची फुलं येतात. एक घंटेसारखं, खाली निमुळतं. ते नर फूल, ते गळणारच. दुसरं खालून फुगीर, छोट्या सुरईसारखं. फळ फक्त याला लागतं. नवीन लावणारे फुलांचा सडा बघून घाबरतात आणि खतावर खत घालतात. आधी गळलेली फुलं उचलून बघा. सगळी निमुळती असतील तर झाड ठणठणीत आहे. सुरईसारखी फुलंही गळत असतील तर कारण शोधा: ऊन कमी आहे का, पाणी अनियमित आहे का, की मधमाश्याच येत नाहीयेत? शेवटचं कारण असेल तर सकाळी मऊ ब्रशने या फुलातले पराग त्या फुलाला लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

वेळेचं गणित

डाळिंबाचं गुटी कलम आणलं तर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नीट फळं धरावीत. त्याआधी आलेली फुलं काढून टाकली तर झाड दणकट होतं. फूल लागल्यापासून फळ तयार व्हायला पाच ते सहा महिने लागतात. म्हणजे अर्धं वर्ष ते फळ सांभाळायचं.

अंजिराचं फाटे कलम त्या मानाने घाईचं. चांगलं रोप असेल तर बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच चार फळं दाखवतं. फळ नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यात येतं, म्हणून पाऊस ओसरला की छाटणी करायची, नवी फूट येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फळं पिकायला लागतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा मोठा आहे. शिवाय अंजीर पाडून छाटलं तरी परत फुटतं, त्यामुळे टेम्पोत घालून नेणं त्यातल्या त्यात सोपं.

पाणी आणि रोग

अंजिराची पानं मोठी, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये कुंडीला रोज पाणी लागतं, कडक उन्हात दोनदासुद्धा. चार दिवस गावाला गेलात आणि कुणी पाणी घालणारं नसेल तर पानं गळून पडतील. झाड बहुतेक वेळा वाचतं, पण फळं जातात.

डाळिंब कोरडेपणा जास्त सोसतं. शेतकरी तर बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडतात, पानं गळू देतात आणि मग खत-पाणी सुरू करतात. कुंडीत मात्र शेतासारखा लांब ताण देऊ नका, कुंडीतली माती फार लवकर सुकते. पानं पिवळी पडायला लागली की थांबा. आणि फळ वाढत असताना पाण्यात चढउतार नको. आधी कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी, की फळ तडकलंच म्हणून समजा.

रोगांचं बोलायचं तर डाळिंबाचे दोन त्रास. फळ पोखरणारी अळी: फळ लिंबाएवढं झालं की कापडी किंवा कागदी पिशवी बांधा. आणि तेल्या: पानाफळांवर तेलकट काळे डाग. हा जिवाणूंचा रोग आहे, दमट हवेत पसरतो. डाग असलेलं रोप नर्सरीतून आणूच नका. अंजिराला पावसाळ्यात तांबेरा येतो, पानाखाली तांबूस भुकटी दिसते. अशी पानं काढून लांब टाका. आणि हो, पिकलेलं अंजीर तुमच्याआधी बुलबुलाला कळतं. जाळीची पिशवी लागेलच.

बाजाराशी तुलना

डाळिंब जाड सालीचं, आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून जवळपास वर्षभर चांगलं मिळतं. अंजीर एक-दोन दिवसांत मऊ पडतं, त्यामुळे विकणाऱ्याला ते थोडं आधीच तोडावं लागतं. आणि तोडल्यावर अंजीर झाडावरच्यासारखं गोड होत नाही. पूर्ण पिकून मान टाकलेलं अंजीर खायचं तर झाड घरीच हवं. घरच्या डाळिंबात आनंद आहे, पण चवीत एवढा मोठा फरक पडत नाही.

मग लावायचं काय?

दोघांनाही निदान सहा तास थेट ऊन हवं. ते नसेल तर दोन्ही विसरा. कुंडी निदान १८ इंची, खाली भोकं मोकळी. ओल्या मातीसकट ती सहज ६०-७० किलो भरते, म्हणून भिंतीलगत ठेवा, कठड्यावर नाही.

घर भाड्याचं, मजला वरचा, आणि रोज पाणी घालायला कुणीतरी आहे: अंजीर.

घर स्वतःचं, ऊन कडक, अधूनमधून गावाला जाणं होतं, आणि सहा महिने फळ सांभाळायची तयारी आहे: डाळिंब.

मुंबई, कोकण किंवा गोवा: दमट हवेत डाळिंबाची फळं डागाळतात. तिथे अंजीर त्यातल्या त्यात बरं. पावसाळ्यात पानं झडतील, पण नंतर फुटतील.

अंगणात जमिनीत लावणार असाल तर अंजीर भिंत आणि पाण्याच्या पाइपपासून लांब लावा. शेवटी वडाच्याच घरातलं मूळ आहे ते.

नर्सरीत एक प्रश्न नक्की विचारा: "कलम आहे की बियांचं रोप?" बियांच्या डाळिंबाला आईसारखं फळ येईलच असं नाही. आणि गच्च पाकळ्यांच्या, गेंदेदार फुलांचं डाळिंब दिसलं तर ते शोभेचं असतं, त्याला फळ धरत नाही. घरी नेऊन तीन वर्षं वाट बघण्यापेक्षा तिथेच विचारलेलं बरं.

तुमच्या बाल्कनीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे या रविवारी घड्याळ लावून बघा. रोप आणायचा विचार त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!