चाऱ्याचें वजन आणि चाऱ्याचा कस

दौंड तालुक्याच्या उत्तरेस मुळा-मुठा व भीमा यांच्या कांठचें बागाईत, तर दक्षिणेस कुरकुंभच्या बाजूचा बहुतांशी पावसावर अवलंबून असलेला माळ, असे दोन निराळे प्रदेश आहेत. पाटस व आलेगांवकडील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालूं झाला म्हणजे बागाइतांतील उसाचें वाढें माळावरच्या गोठ्यांत येऊं लागतें. कडबा सरत आला कीं दुभत्या गाईपुढें तेंच पडतें. गाय आवडीनें खाते, पोटहि भरतें. मग दूध कां घटावें आणि गाय वेळेवर माजावर कां येऊं नये, असा प्रश्न पडतो. त्याचें उत्तर पुष्कळदां गव्हाणींतच असतें.

चारा घेतांना आपण तराजू पाहतों. पण तराजूंत पाणीहि तोललें जातें. 100 किलो वाढ्यांत अजमासें 70 किलो पाणी व 30 किलोच शुष्क भाग असतो. वाळल्या कडब्यांत शुष्क भाग 90 किलोंपर्यंत भरतो. तेव्हां वाढ्याचा भाव कडब्याच्या भावाच्या तिसऱ्या हिश्शाहून फार चढला, तर आपण हिरव्या रंगाचे पैसे मोजीत आहों असें समजावें.

पाणी वजा केल्यावर काय उरतें, हें पाहण्याची रीत जर्मनींतील वेंडे येथें हेन्नेबेर्ग व स्टोमान या रसायनज्ञांनीं 1860 च्या सुमारास बसविली. चाऱ्यांतील राख, स्निग्ध पदार्थ, चोथा व प्रथिनें निरनिराळीं मोजावयाचीं, व बाकी राहील तें पिष्ट व शर्करा यांच्या खातीं धरावयाचें, ही ती रीत. आजच्या प्रयोगशाळांतूनहि मूळ पाया तोच आहे.

हा हिशेब एका गाईस लावून पाहूं. गाय 400 किलो वजनाची व रोज 10 लिटर दूध देणारी आहे असें धरूं. तिला सुमारें 11 किलो शुष्क भाग व त्यांत सव्वा किलोच्या आसपास प्रथिनें लागतात. 35 किलो वाढें घातलें तर शुष्क भाग जवळजवळ पुरा होतो, परंतु प्रथिनें अर्ध्या किलोच्या पुढें फारशीं जात नाहींत, व त्यांतलींहि सगळीं पचत नाहींत. म्हणजे पोट भरलें आणि गाय उपाशी राहिली. शिवाय वाढ्यांत ऑक्झॅलिक अम्ल असतें. तें चाऱ्यांतील चुन्यास धरून ठेवतें आणि तो चुना शेणावाटे निघून जातो. दुधासाठीं चुना तर हवाच. मग तो हाडांतून काढला जातो. यास्तव निव्वळ वाढ्यावर गाय ठेवूं नये. कडब्याची जोड द्यावी, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण रोज चुकवूं नये.

राहिलेली प्रथिनांची तूट पेंडीनें भरावयाची. येथेंहि पोत्याचा भाव पाहून भागत नाहीं. टरफलासह सरकीच्या पेंडींत प्रथिनें सुमारें 22 टक्के, तर भुईमुगाच्या पेंडींत 40 टक्के व वर असतात. केवळ हिशेबासाठीं धरूं कीं सरकी पेंड 22 रुपये किलो आहे. तिच्यांतील प्रथिनें 100 रुपये किलो पडलीं. भुईमूग पेंड 40 रुपयांस मिळाली तरी प्रथिनें त्याच भावानें मिळतात! सरकीच्या पेंडींतील तेलाचा दुधाच्या फॅटला उपयोग होतो हें खरें, पण तो मुद्दा निराळा.

भुईमूग पेंडीबाबत एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. 1960 सालीं इंग्लंडमध्यें सुमारें एक लाख टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध करतां दोष ब्राझीलहून आलेल्या बुरसट भुईमूग पेंडीचा ठरला, व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष जगास कळलें. हें विष गाईच्या पोटांतून दुधांतहि उतरतें. ओल लागलेली किंवा बुरशीचा वास येणारी पेंड, फुकट मिळाली तरी, गोठ्यांत आणूं नये.

तयार पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिनांचा आंकडा छापलेला असतो. तो आंकडा खाद्यांतील नत्र मोजून व त्यास 6.25 नें गुणून काढतात. युरियांत 46 टक्के नत्र असल्यामुळें 100 किलो खाद्यांत एक किलो युरिया मिसळला कीं कागदावरचीं प्रथिनें जवळजवळ 3 टक्क्यांनीं वाढतात. मर्यादेंत असलेला युरिया रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांतील सूक्ष्म जंतु उपयोगांत आणतात, पण त्यांस सोबत पिष्टहि लागतें. प्रमाण वाढलें तर तो मारक होतो. म्हणून खाद्य तपासावयास पाठविणें झाल्यास युरियाची व वाळूची तपासणी वेगळी मागावी. नमुना एका पोत्यांतून न घेतां अनेक पोत्यांच्या मधून थोडथोडा घेऊन एकत्र करावा.

युरियाचा खरा उपयोग निकृष्ट कडब्यास आहे. 100 किलो कडब्याच्या कुट्टीवर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यांत विरघळवून थराथरानें शिंपावा, कुट्टी तुडवून दाबावी व वारा लागणार नाहीं अशी 21 दिवस झांकून ठेवावी. साडेतीन-चार टक्क्यांचीं प्रथिनें सातांच्या घरांत जातात व चोथा मऊ होऊन पचूं लागतो. घालण्यापूर्वीं कुट्टी पसरून उग्र वास जाऊं द्यावा. आरंभीं थोडी घालून प्रमाण वाढवीत न्यावें. सहा महिन्यांच्या आंतील वासरांस ती मुळींच घालूं नये, आणि युरियाचें पाणी कालविलेली बादली जनावरांच्या तोंडाशीं क्षणभरहि ठेवूं नये.