विश्लेषण : कुरखेड्याच्या भुईनिंबाचा कस टक्क्यांत कसा मोजतात? दर मात्र किलोवरच का?

पावसाळा सरला की कुरखेडा-कोरची भागातल्या जंगलात भुईनीम फुलोऱ्यावर येतो. बाजारातले त्याचे नाव काळमेघ. गोळा करणारी कुटुंबे तो वाळवून किलोने विकतात. अर्क काढणारी कंपनी मात्र वजनासोबत आणखी एक आकडा विचारते : यात अँड्रोग्राफोलाइड किती टक्के?

हे अँड्रोग्राफोलाइड म्हणजे काय?

काळमेघाला कडू करणारे मुख्य रसायन. १९११ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे केले गेले. ते पानांत जास्त, काड्यांत कमी असते आणि फुलोरा धरण्याच्या सुमारास सर्वाधिक भरते. म्हणजे एकाच जंगलातली दोन पोती वजनाला सारखी, पण कसाला वेगळी असू शकतात.

जीभ यात फसते. नीओअँड्रोग्राफोलाइड हे याच झाडातले भावंड-रसायन कडू नसते. त्यामुळे ‘जास्त कडू म्हणजे जास्त चांगला’ हा अंदाज प्रत्येक वेळी खरा ठरत नाही.

मोजतात कसे?

वाळलेल्या पाल्याची पूड मिथेनॉलमध्ये उकळून अर्क काढतात. पाणी का नाही? कारण अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फार कमी विरघळते. घरचा काढा आणि कंपनीचा अर्क यांची तुलना इथेच फसते.

पुढचे काम एचपीएलसी यंत्राचे. बारीक सिलिका भरलेल्या पोलादी नळीतून अर्क जोराच्या दाबाने ढकलला जातो. प्रत्येक रसायन नळीत आपापला वेळ घेते आणि वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडते. (कल्पना जुनी आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतले रंग खडूच्या भुकटीतून असेच वेगळे केले होते.) बाहेर पडणाऱ्या द्रवावर सुमारे २२३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात. रसायनाने जितका प्रकाश शोषला, तितके मोठे शिखर आलेखावर उमटते.

नुसत्या शिखरावरून टक्केवारी कळत नाही. त्यासाठी शुद्ध अँड्रोग्राफोलाइडचा प्रमाणित नमुना आधी त्याच यंत्रातून चालवावा लागतो. समजा, दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या शुद्ध द्रावणाचे शिखर १००० आले आणि आपल्या नमुन्याचे ८००, तर आपल्याकडे ४० मायक्रोग्रॅम. हा नमुना २ ग्रॅम पुडीच्या १०० मिलिलिटर अर्काला दहापट पातळ करून घेतला असेल, तर पुडीत एकूण ४० मिलिग्रॅम. म्हणजे २ टक्के.

हाच माल नळीत वेगळा न करता थेट अतिनील प्रकाशाखाली मोजला, तर तसाच प्रकाश शोषणारी इतर रसायनेही हिशेबात येतात आणि आकडा फुगतो. म्हणून अहवाल वाचताना टक्क्यांच्या आधी पद्धत पाहावी. ‘२ टक्के’ सुक्या वजनावर आहे का, हेही विचारावे. २० टक्के ओल असलेल्या मालात तोच आकडा १.६ होतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

करोनाकाळात थायलंडने सौम्य रुग्णांसाठी काळमेघाच्या वापराला मान्यता दिली, तेव्हा मात्रा पुडीत सांगितली नव्हती : दिवसाला १८० मिलिग्रॅम अँड्रोग्राफोलाइड. उपाय किती गुणकारी ठरला, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. पण हिशेब पाहा. १ टक्क्याच्या पाल्यातून तेवढे मिळवायला १८ ग्रॅम पूड लागेल, ३ टक्क्यांच्या पाल्यातून ६ ग्रॅम. मोजमाप नसेल तर मात्रा ठरवणार कशावर?

भेसळही यातून पकडता येते. हिमालयातल्या चिराइताच्या नावाखाली स्वस्त काळमेघ विकण्याचा प्रकार जुना आहे. खऱ्या चिराइतात अँड्रोग्राफोलाइड नसते, त्यामुळे आलेखावर ते शिखर दिसले की माल उघडा पडतो.

गावाचा यात काय फायदा?

वनहक्क कायदा, २००६ नुसार औषधी वनस्पती हे गौण वनोपज आहे आणि ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क गावाचा आहे. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था १९८४ पासून काम करते. वैदूंचे वनौषधींचे ज्ञान हा त्या कामाचा एक भाग. हक्क आहे, ज्ञान आहे. किमान आधारभूत किमतीच्या यादीत काळमेघही आहे, पण तिथेही दर किलोचाच. चांगल्या पाल्याला जास्त पैसे मागायचे, तर तपासणीचा कागद विकणाऱ्याच्या हातात असावा लागतो.

त्यातही नमुना नीट घेतला नाही, तर महागडे यंत्र व्यर्थ. प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला, खालचा मूठभर पाला घ्यायचा, एकत्र कालवून ढीग करायचा. त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. थोडासाच उरेपर्यंत हे करत राहायचे. उरलेल्याच्या दोन पिशव्या सीलबंद करायच्या. एक प्रयोगशाळेला, दुसरी तारीख आणि जंगलाचे नाव लिहून ग्रामसभेच्या कपाटात. कंपनीचा आकडा वेगळा आला, तर ती उघडता येते.