आंबील कशी आंबते?

मार्गशीर्ष महिन्यात लातूर आणि नांदेड भागात वेळ अमावास्या येते. गावातले लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी कोणाच्या तरी शेतात जेवताना तुम्ही मडक्यातली गार, आंबट आंबील प्यायला असाल. ज्वारी तर आंबट नसते. मग हा आंबटपणा कुठून आला? नुसत्या ताकातून आला, असे समजू नका.

ज्वारीचे कच्चे पीठ नुसत्या पाण्यात कालवून झाकून ठेवले, तरी ते एक-दोन दिवसांत आंबते. दाण्याच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. दळताना ते पिठात येतात. पाणी मिळाले की ते वाढतात आणि पिठातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. तुमच्या घरी पिठाला खमीर येते, तेही अशाच सूक्ष्म जीवांमुळे. ताकात हे जिवाणू आधीच भरपूर असतात. म्हणून ताक घातले की हे काम एका रात्रीत होते. थंडीत मात्र मडके चुलीजवळ ठेवावे लागते.

पीठ आधी शिजवले, तर दाण्यावरचे बहुतेक जिवाणू मरतात. म्हणून पीठ रात्री आंबवायचे आणि सकाळी शिजवायचे.

आंबवल्यामुळे ज्वारीतले लोह शरीराला अधिक मिळते. आम्लामुळे अनेक घातक जंतूंची वाढही थांबते. पण पिठावर हिरवी-काळी बुरशी दिसली, तर? वरवरचे काढून बाकीचे वापरू नका. सगळे टाकून द्या. ज्वारी वाया गेल्याचे वाईट वाटते खरे, पण काही बुरशींचे विष शिजवूनही जात नाही.