दुरुस्तीचं बेंच काढू नका : पहिल्या ऑफ-रोड ड्युएथलॉनने मला शिकवलेला धडा



मागच्या व्हिडिओत माझ्या कोपरावरची पट्टी पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, काय झालं?" सांगतो. मी पडलो. एकदा नाही, दोनदा. वयाच्या ४६ व्या वर्षी आयुष्यातली पहिली ऑफ-रोड ड्युएथलॉन केली आणि शेवटून सहावा आलो. पण आजचा लेख माझ्या नंबराबद्दल नाही. मी एका दुकानदाराला दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबद्दल आहे.

सुरुवात कुठून झाली?

नवीन पनवेलमध्ये माझ्या ओळखीचे एक सायकलवाले भाऊ आहेत. छोटं दुकान, अर्ध्या जागेत विक्री, अर्ध्या जागेत दुरुस्तीचं बेंच. तीन वर्षांपूर्वी ते माझ्या वर्कशॉपला आले होते. मी त्यांचा हिशोब पाहिला आणि ठासून सांगितलं, "भाऊ, पंक्चर काढून कोणी मोठं झालंय का? बेंच काढा, तिथे डिस्प्ले लावा. महाग सायकली विका."

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी मला साखरेची बॉर्डर दाखवली. चालणं-पळणं सुरू केलं, मग वाटलं सायकल घ्यावी. गेलो भाऊंकडे. त्यांनी साधी हार्डटेल माउंटन बाइक दिली, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे नाही. पैसे देताना ते हसत म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला दर महिन्याला नवीन शिका म्हणता. तुम्ही स्वतः शेवटचं नवीन काय शिकलात?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री मी स्पर्धेचा फॉर्म भरला.

ड्युएथलॉन म्हणजे काय?

सोपं आहे. पळा, सायकल चालवा, परत पळा. ट्रायथलॉनमधलं पोहणं काढलं की ड्युएथलॉन. स्प्रिंट प्रकारात साधारण ५ किलोमीटर पळणं, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी अडीच किलोमीटर पळणं असतं. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची लांब पल्ल्याची स्पर्धा १९८९ पासून प्रसिद्ध आहे. तिथे सायकलच १५० किलोमीटर! आपली स्पर्धा छोटी, पण ऑफ-रोड. डांबर कमी, मुरूम, शेताचे बांध आणि सुटे दगड जास्त.

सराव सुकापूर, नेरे, वाजे करत गाढेश्वर धरणाच्या बाजूला. समोर प्रबळगड, पहाटे रस्ता मोकळा. डांबर सोडून बैलगाडीच्या वाटेला लागलं की पहिल्याच दिवशी कळतं, रस्त्यावर सायकल चालवता येणं आणि मातीवर सायकल चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेंचवरची शाळा

इथे भाऊंचा खरा रोल सुरू झाला. दर शनिवारी संध्याकाळी मी दुकानात. त्यांनी शिकवलेल्या गोष्टी लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडतील :

१. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. चढावर जोर लावताना गिअर बदलला तर चेन ओरडते, कधी तुटतेही.

२. उतारावर सीटवरून थोडं उठा, वजन मागे न्या, गुडघे आणि कोपरं सैल ठेवा. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर तुम्ही हँडलवरून पुढे.

३. दगडाकडे बघू नका, वाटेकडे बघा. जिकडे नजर, तिकडे चाक.

४. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव करा. पहिली पाच मिनिटं पाय आपले नसतातच, लाकडाचे असतात.

५. ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे.

पाचव्या मुद्द्यावर मी कंटाळा केला. भाऊंनी ऐकलं नाही. त्या बेंचवर माझ्याकडून दहा वेळा चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून घेतलं. पहिल्या वेळी २५ मिनिटं लागली, दहाव्या वेळी ८. पैसे एक रुपया घेतला नाही.

स्पर्धेचा दिवस

जानेवारीतला रविवार. पहिली चूक पळण्यातच. गर्दी सुटली तसा मीही सुटलो. पहिला किलोमीटर माझ्या नेहमीच्या वेगापेक्षा पाऊण मिनिटाने जलद! चौथ्या किलोमीटरला दम संपला. नवीन धंद्यात पहिल्या तीन महिन्यांत सगळं भांडवल जाहिरातीवर उडवणारे आपण बघतो ना? मी तेच केलं.

ट्रान्झिशनला, म्हणजे पळणं संपवून सायकल घ्यायच्या जागेत, दुसरी गंमत. नियम असा की स्टँडवरची सायकल उचलायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला पाहिजे आणि ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्यावरच बसायचं. घाईत मी सायकल आधी उचलली. स्वयंसेवकाने थांबवलं. परत ठेवली, पट्टा लावला, मग निघालो. एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याच्या वेळेची तालीम मी केलीच नव्हती.

पण खरी चूक त्याच्याही आधी, सकाळी सहा वाजता झाली होती. शेजारी एक अनुभवी स्पर्धक हवा तपासत होता. मी विचारलं, "किती ठेवता?" तो म्हणाला, "बावीस पीएसआय. मातीवर पकड मस्त येते." भाऊंनी मला तिसाच्या खाली जाऊ नका म्हणून बजावलं होतं. तरी मी हवा सोडली, बावीस केली.

सायकलचा आठवा किलोमीटर. उतार, सुटे दगड. मागचं चाक दगडावर आपटलं आणि फुस्स! मी डावीकडे आडवा. कोपर सोललं. ट्यूब काढून बघितली तर सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. हवा कमी असली की दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते, तेव्हा असं होतं. आणि त्या अनुभवी माणसाच्या टायरमध्ये ट्यूबच नव्हती! त्याचे टायर ट्यूबलेस होते, आत सीलंट. त्याचा आकडा बरोबरच होता. फक्त तो माझा नव्हता.

नऊ मिनिटांत ट्यूब बदलली. हात आपोआप चालत होते. पंपाने हवा भरली, निघालो, पुढे वाळूत अजून एकदा पडलो, पण स्पर्धा पूर्ण केली.

आता मुख्य मुद्दा

शेवटचे अडीच किलोमीटर मी जवळजवळ चालत होतो, त्यामुळे विचार करायला वेळ होता. दुसऱ्याच्या सायकलचा आकडा मी माझ्या सायकलला लावला, म्हणून पडलो. आणि तीन वर्षांपूर्वी मी भाऊंना काय दिलं होतं? मोठ्या शोरूमचा फॉर्म्युला. त्यांच्याकडे भांडवल आहे, जाहिरात आहे. भाऊंकडे काय आहे? बेंच आहे. मी त्यांची ट्यूब न बघताच हवा सोडायला सांगितली होती.

घरी आल्यावर थोडं वाचलं. माउंटन बाइकची सुरुवातच अशी झाली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावरून खाली सोडायचे. १९७६ ला त्यांनी तिथे शर्यत सुरू केली, नाव 'रीपॅक'. कारण उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून ते परत भरावं लागायचं. जुन्या सायकली खोलत, जोडत, बदलत त्यातल्याच गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ ला कंपनी काढली. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं. एवढा मोठा उद्योग दुरुस्तीतून उभा राहिला आणि मी म्हणत होतो, बेंच काढा!

सोमवारी मी दुकानात गेलो. म्हणालो, "भाऊ, तो सल्ला चुकीचा होता. सॉरी."

ते म्हणाले, "सर, काढलं होतं की मी बेंच. चार महिने. लोक यायचेच बंद झाले. पंक्चरला येणारा माणूसच पुढे सायकल घेतो. मग परत लावलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मित्रांनो, ते चार महिने त्यांच्या घरखर्चातून गेले. माझ्या नाही. सल्ला देणाऱ्याने हे विसरू नये, आणि घेणाऱ्यानेही.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. गेल्या वर्षभरात तुम्ही दुसऱ्याचं बघून उचललेल्या तीन गोष्टी लिहा : डिस्काउंट, भाव, उधारीची मुदत, काहीही. प्रत्येकीसमोर लिहा, त्याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? उत्तर सापडलं नाही तर तो आकडा तुमचा आहे की नाही हे अजून तुम्हाला माहीत नाही.

आणि तुमच्या दुकानातलं असं कोणतं काम आहे, ज्यात नफा कमी दिसतो पण गिऱ्हाईक त्याच्यासाठीच पायरी चढतं? ते शोधा. ते तुमचं बेंच.

पुढची स्पर्धा डिसेंबरमध्ये आहे. या वेळी हवा बत्तीस.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.