मायाने चेंडू खाली ठेवला तेव्हा

९ ऑक्टोबर २०१५. इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेतला तिसरा सामना. मालिका १-१, स्कोअर ७७-७७ आणि घड्याळात उरलेत फक्त १.७ सेकंद. चेंडू मिनेसोटा लिंक्सकडे. लिंडसे व्हेलनने तो बाहेरून आत टाकला आणि थ्री-पॉइंट रेषेपाशी २३ नंबरच्या जर्सीतल्या मुलीने झेलला. एवढ्या वेळात कुणीही काय करेल? चेंडू हातात येताच बास्केटकडे भिरकावून देईल. तिने तसं केलं नाही. तिने आधी हूल दिली. अडवायला आलेली खेळाडू हवेत उडाली आणि बाजूने निघून गेली. मग तिने चेंडू एकदा जमिनीवर टप्पा देऊन घेतला, पाय स्थिर केले आणि उडी मारून फेकला. बझर वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. जाळी हलली, ८०-७७.

हा तुकडा मी कितीदा पाहिलाय याची मोजदाद नाही. दर वेळी नजर त्या हुलीवरच अडकते. दोन सेकंदसुद्धा हाताशी नाहीत आणि ही मुलगी त्यातला काही वेळ चक्क थांबण्यात घालवते! पुढे तिने आयुष्यात जे केलं ते वाचताना मला ही हूल आठवते.

तिचं नाव माया मूर. आपल्या कानाला हे नाव घरचंच वाटतं. जन्म ११ जून १९८९, मिझुरी राज्याची राजधानी जेफरसन सिटी इथला. आई कॅथरिनने तिला एकटीने वाढवलं. तीन वर्षांची माया घरभर धुडगूस घालायची, म्हणून आईने अपार्टमेंटच्या दाराला एक छोटी बास्केट अडकवली. सुरुवात ही अशी. पुढे मायलेकी जॉर्जिया राज्यात आल्या. तिथे कॉलिन्स हिल हायस्कूलच्या संघाने मायाच्या चार वर्षांत १२५ सामने जिंकले आणि हरले फक्त तीन.

थोडं मागे जायला हवं. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या एका व्यायामशाळेत जेम्स नाइस्मिथने शोधला. पुढच्या दीड वर्षाच्या आत जवळच्याच स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींसाठी त्याचे वेगळे नियम बसवले. म्हणजे मुलींचं बास्केटबॉल जवळजवळ मुलांच्या बास्केटबॉलइतकंच जुनं. पण खेळ मिळाला आणि मैदान मिळालं नाही, अशी गत पुढची ८० वर्षं राहिली. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही, हे त्याचं सार. कॉलेजांमध्ये मुलींचे संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या आल्या त्या त्यानंतर. तरी कॉलेज संपलं की पुढे काय, हा प्रश्न होताच. सिंथिया कूपरसारख्या असामान्य खेळाडूने उमेदीची वर्षं स्पेन आणि इटलीत खेळून काढली, कारण मायदेशी टिकाऊ लीगच नव्हती. १९९७ च्या उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीए सुरू झाली तेव्हा कूपर ३४ वर्षांची होती, आणि त्या वयात तिने ह्यूस्टन कॉमेट्सला पहिली चार विजेतेपदं सलग मिळवून दिली. माया तेव्हा आठ वर्षांची. मोठेपणी आपण हेच करायचं, असं म्हणायला समोर काहीतरी दिसत असलेली ती पहिली पिढी.

२००७ मध्ये माया कनेटिकट विद्यापीठात, जीनो ऑरिएमा या प्रशिक्षकाकडे गेली. चार वर्षांत १५० विजय, ४ पराभव. २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं, दोन्ही मोसमांत एकही सामना न गमावता. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये सलग ८८ विजयांचा विक्रम यूसीएलए या विद्यापीठाच्या पुरुष संघाचा होता आणि तो तुटणारा नाही असं धरून चालण्याची रीत होती. २१ डिसेंबर २०१० रोजी कनेटिकटच्या मुलींनी तो मोडला. त्या सामन्यात मायाचे गुण होते ४१. हा सिलसिला ९० वर थांबला.

एप्रिल २०११ मध्ये मिनेसोटा लिंक्सने तिला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी पाळीपाळीने निवडण्याची पद्धत. पुढच्याच महिन्यात जॉर्डन ब्रँडने तिच्याशी करार केला. मायकेल जॉर्डनच्या त्या ब्रँडशी करारबद्ध झालेली ती पहिली बास्केटबॉलपटू स्त्री. लिंक्सने आदल्या वर्षी ३४ पैकी जेमतेम १३ सामने जिंकले होते. माया आली त्या मोसमात २७ जिंकले आणि विजेतेपदही. श्रेय एकट्या मायाचं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सिमोन ऑगस्टस होती, व्हेलन होती, रिबेका ब्रन्सन होती, नंतर सिल्व्हिया फाउल्स आली आणि या सगळ्यांना एका दोरीत बांधणारी शेरिल रीव्ह ही प्रशिक्षक होती. सात वर्षांत सहा वेळा अंतिम फेरी, त्यातली चार विजेतेपदं: २०११, २०१३, २०१५, २०१७. मायाकडे पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान आला, २०१३ च्या अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा आला आणि २०१४ मध्ये, सामन्यामागे २३.९ गुणांच्या सरासरीसह, अख्ख्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचाही.

आता या यशाच्या मागची बाजू. व्यावसायिक खेळाडूबाई वर्षभर नेमकं काय करते? डब्ल्यूएनबीएचा मोसम साधारण मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर. उरलेल्या महिन्यांत विश्रांती असते, असं आपल्याला वाटेल. मायाचं पहिलंच वर्ष पाहा. एप्रिल २०११ मध्ये कॉलेजचा मोसम संपला, जूनमध्ये लिंक्सकडून पहिला सामना, ऑक्टोबरमध्ये विजेतेपद. तिथून थेट स्पेन. व्हॅलेन्सियाच्या रोस कासारेस क्लबकडून खेळून एप्रिल २०१२ मध्ये युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचं विजेतेपद. परत मिनेसोटा. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक. ऑक्टोबरमध्ये पुन्हा अंतिम मालिका, या वेळी पराभव. आणि मग चीन. शान्शी प्रांताच्या संघाकडून तिने २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षं चिनी लीग जिंकली. पुढे रिओ ऑलिंपिकचं दुसरं सुवर्ण, आणि २०१८ मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबबरोबर पुन्हा युरोलीग.

हे हौसेने होत नव्हतं. २०१९ मध्येसुद्धा डब्ल्यूएनबीएतलं कमाल वेतन होतं १,१७,५०० डॉलर. पुरुषांच्या लीगमधल्या सर्वांत कमी पगाराच्या खेळाडूलाही याच्या कितीतरी पट मिळत होतं. खरा पैसा परदेशात, मुख्यतः रशिया, चीन आणि तुर्कस्तानात होता. डायना टॉरासीची गोष्ट तर यासाठी हमखास सांगितली जाते. २०१५ चा अमेरिकेतला मोसम तिने खेळू नये, विश्रांती घ्यावी, यासाठी तिच्या रशियन क्लबने तिला वेतन दिलं, आणि ते अमेरिकेतल्या पगाराहून जास्त होतं. आपल्या देशात खेळू नये म्हणून जास्त पैसे! २०२० च्या नव्या करारात कमाल वेतन २,१५,००० डॉलरवर गेलं, तरी ओढ संपली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनी ग्राइनर मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि जवळपास दहा महिने रशियाच्या कैदेत राहिली, तीही याच पगारासाठी तिथे चालली होती.

आपल्याकडचं चित्र याहून कितीतरी साधं. माया पहिल्या क्रमांकावर निवडली गेली त्याच एप्रिल २०११ मध्ये केरळची गीतू ॲना जोस डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांकडे चाचणी द्यायला गेली होती. निवड झाली नाही. पण तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय. घरी तिचा आधार होता रेल्वेची नोकरी. पुण्याची शिरीन लिमये पुढे भारताची कर्णधार झाली. अशा मुलींना आपण किती ओळखतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

मायाच्या गोष्टीतलं दुसरं गाव तिचं जन्मगावच आहे. जेफरसन सिटीत कडक बंदोबस्ताचा मोठा तुरुंग आहे. तिथे तिच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ कैद्यांना भजनं शिकवायला जात. त्यातून त्यांना भेटला जोनाथन आयर्न्स. १९९७ च्या जानेवारीत सेंट लुईसजवळच्या ओफॅलन गावात एका घरात चोर शिरला, गोळ्या झाडल्या गेल्या, घरमालक गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्या गुन्ह्यासाठी १६ वर्षांच्या जोनाथनवर प्रौढ म्हणून खटला चालला. सर्व गोऱ्या ज्युरीने या कृष्णवर्णीय मुलाला दोषी ठरवलं आणि शिक्षा झाली ५० वर्षांची. त्याच्याविरुद्ध बोटांचा ठसा नाही, रक्त नाही, डीएनए नाही. होती फक्त घरमालकाची ओळख पटवणारी साक्ष आणि एका पोलिसाचा दावा की मुलाने कबुली दिली. जोनाथनने ती कबुली कायम नाकारली.

मायाच्या घरच्या मंडळींनी खटल्याचे कागद वाचून काढायला घेतले. त्यात एक ठसा सापडला. घराच्या दारावरचा हा ठसा जोनाथनचाही नव्हता आणि घरमालकाचाही नव्हता. त्याचा अहवाल बचावपक्षाला कधी दिलाच गेला नव्हता. २००७ मध्ये, विद्यापीठात जाण्याआधी, १८ वर्षांची माया त्याला तुरुंगात पहिल्यांदा भेटली. पुढची सगळी पदकं आणि सगळे विक्रम एकीकडे होत असताना दुसरीकडे पत्रं, फोन आणि भेटी चालू राहिल्या. हे कुणाला फारसं माहीत नव्हतं.

२०१६ च्या जुलैमध्ये ती न्यायाच्या प्रश्नावर जाहीरपणे बोलली. मिनेसोटातच फिलँडो कॅस्टिल या तरुणाला पोलिसाने मोटारीत गोळ्या घातल्या होत्या. तीनच दिवसांनी माया आणि लिंक्सच्या इतर कर्णधार सरावाला काळे टी-शर्ट घालून उतरल्या. त्यावर न्यायाची मागणी होती, मेलेल्यांची नावं होती आणि त्याच आठवड्यात डॅलसमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांसाठी त्या पोलिसदलाचं चिन्हही होतं. दुःख कुणाचं, यात त्यांनी भेद केला नव्हता. तरीही बंदोबस्ताला असलेले चार पोलीस काम सोडून निघून गेले. फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी केलेल्या निषेधाचा गवगवा झाला तो यानंतर कित्येक आठवड्यांनी. बायकांनी आधी केलं आणि लक्षात दुसरंच राहिलं, हे इथेही झालं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मायाने जाहीर केलं की या वर्षी मी खेळणार नाही. वय २९, खेळ ऐन भरात, शरीर धडधाकट. आदल्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची सलग तिसऱ्यांदा निवड झाली होती. लोक चक्रावले. दुखापत झालेला, फॉर्म गेलेला खेळाडू थांबतो हे सगळ्यांना कळतं. शिखरावर असताना, दुसऱ्या माणसाच्या सुटकेसाठी थांबणं मात्र लोकांच्या पचनी पडेना. तिने वकिलांच्या खर्चाला हातभार लावला, सुनावण्यांना हजर राहिली आणि जिथे जाईल तिथे हे प्रकरण मांडलं. पुढचा मोसमही सोडला, त्याबरोबर टोकियो ऑलिंपिकही.

९ मार्च २०२० रोजी न्यायाधीश डॅनियल ग्रीन यांनी शिक्षा रद्द केली. सरकारपक्षाची अपिलं टिकली नाहीत. १ जुलैला तुरुंगाचं दार उघडलं आणि जोनाथन बाहेर आला. बाहेर उभी असलेली माया गुडघ्यांवर बसली. चार वेळा लीग जिंकताना तिच्या चेहऱ्यावर असं काही कुणी पाहिलं नव्हतं. जोनाथन तेव्हा ४० वर्षांचा होता. २३ वर्षं आत गेली होती. काही दिवसांतच दोघांनी लग्न केलं. २०२२ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मायाने अधिकृतपणे निवृत्ती घेतली.

तिने परत यायला हवं होतं, आणखी विक्रम केले असते, असं अजूनही बोललं जातं. मला ते पटत नाही. एवढ्या वरच्या दर्जाचा खेळ आठ मोसम, तोही बाराही महिने चार देशांत, हे अर्धवट सोडलेलं काम नव्हे. आणि खेळातून मिळालेलं नाव तिने जिथे खर्च केलं, त्याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये तिची २३ नंबरची जर्सी छताला चढली. लिंक्सची दुसरी कुणी खेळाडू आता तो नंबर घालणार नाही. २०२५ मध्ये तिला नाइस्मिथच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तिचा शेवटचा व्यावसायिक सामना होता ऑगस्ट २०१८ मधला, लॉस एंजेलिसविरुद्ध हरलेला. डब्ल्यूएनबीएच्या नोंदीत तिच्या नावापुढे २७१ सामने आणि ४,९८४ गुण आहेत. पाच हजारांना १६ कमी. त्या १६ गुणांसाठी ती परत आली नाही.