दहावीनंतर काय? निर्णय आधीच घडत असतो

"पुढे काय करणार?" हा प्रश्न आपण मुलांना दहावीचा निकाल लागल्यावर विचारतो. खरं तर उत्तर त्याआधीच ठरत आलेलं असतं. मूल जी कामं जवळून बघतं, त्यातूनच निवड करतं.

दाभोसा परिसरात मुलांना काय दिसतं? पावसाळ्यात भात-नागलीची शेती आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं. नोकरी म्हटलं की शिक्षक, पोलीस, नर्स, एवढंच. मग मित्र जिकडे जातो तिकडे मूल जातं, नाहीतर घरची गरज म्हणून मजुरीला लागतं. यात मुलाचा आळस नसतो. माहिती आणि पैसा, दोन्ही कमी पडतात.

आपण काय करू शकतो?

१) सातवी-आठवीतच मुलांना जव्हारची आयटीआय, दवाखाना, बँक, एसटी आगार दाखवा. तिथल्या माणसांना प्रश्न विचारू द्या.

२) पर्याय हिशोबासह सांगा. आयटीआयत वेल्डरचा कोर्स १ वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा २ वर्षांचा. पुढे शिकाऊ उमेदवारी करताना विद्यावेतन मिळतं. फी, एसटी भाडं, वसतिगृह आणि पहिली कमाई कधी, हे पालकांसोबत बसून लिहा.

३) जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र वेळेत काढा. कागदासाठी प्रवेश अडायला नको.

४) घरातली कलाही मोजा. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे वारली चित्रांमुळे जगभर पोहोचले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शेवटी निवड मुलाचीच. पण निवडायला एकापेक्षा जास्त वाटा त्याला दिसायला हव्यात, आणि त्या दाखवणं आपलं काम आहे.